साडीचा रंग तसाच ठेवा, जुळवायचं ते बाकीचं

प्रश्न असा आहे: कोथरूडला राहते. घरूनच इरकल, नारायणपेठ आणि खणाच्या साड्या विकते. फोटो फोनवरच काढते. एकेक फोटो सुटा बघितला तर बरा वाटतो, पण इन्स्टाग्रामचं पान उघडलं की दहा घरांतून गोळा करून आणल्यासारखे दिसतात. म्हणून एक प्रीसेट विकत घेतलं. पान जरा एकसारखं झालं, पण राणी रंगाची खणाची साडी फोटोत विटकरी दिसली आणि घेणाऱ्या बाईंनी ती परत पाठवली. दुसरं कोणतं प्रीसेट घेऊ?

ताई, कोणतंच घेऊ नका. मी चौदा वर्षं पुण्यात कपड्यांचे फोटो काढते आहे आणि गेली काही वर्षं घरगुती विक्री करणाऱ्या बायकांना फोनवरचं एडिटिंग शिकवते आहे. यातल्या बहुतेकींनी आधी प्रीसेटवर पैसे घालवलेले असतात.

प्रीसेट म्हणजे कुणीतरी स्वतःच्या फोटोवर केलेल्या बदलांची यादी. ऊब इतकी वाढव, सावल्या इतक्या उचल, हिरवा इतका फिका कर, नारंगी जरा तांबड्याकडे ढकल. ती यादी तुमच्या फोटोवर जशीच्या तशी लागू होते. आमटी आधीच खारट आहे का, हे चाखून न बघता दोन चमचे मीठ घातल्यासारखं ते आहे. एक फोटो सकाळी खिडकीजवळ काढलेला, दुसरा रात्री ट्यूबलाइटखाली. दोघांची सुरुवातच वेगळी, मग एकच बदल करून ते एका जागी पोचणार कसे?

तुमच्या राणी रंगाचं काय झालं तेही सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. फोनच्या फोटोत प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तिघांच्या प्रमाणातून तयार होतो. राणी रंगात लाल भरपूर, निळा बऱ्यापैकी आणि हिरवा अगदी थोडा असतो. बाजारातली उबदार, तपकिरी छटेची प्रीसेटं सगळ्यात आधी निळा कमी करतात. राणीतला निळा काढला की उरतो तांबडा. त्यावर त्याची चमक कमी केली आणि जरा गडद केला, की झाली वीट. म्हणजे प्रीसेट बिघडलेलं नव्हतं. त्याने त्याचं काम चोख केलं, पण ते काम साडी विकणाऱ्या बाईसाठी नव्हतं. रामा आणि मोरपिशी रंगांनाही असाच धोका असतो. फोटो जरा उबदार झाला की रामा हिरवा होतो, जरा थंड झाला की निळा. शंका असेल तर त्याच साड्यांचे जुने फोटो काढून बघा.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: साडीच्या रंगाला हात लावायचा नाही. जुळवायचं ते साडीच्या भोवतीचं. मागची भिंत, सावलीचा मऊपणा, उजेडाची दिशा, कॅमेऱ्याचं अंतर, पांढऱ्याचा पांढरेपणा. एवढं सगळ्या फोटोंत सारखं राहिलं तर पोपटीशेजारी डाळिंबी आली, अबोलीशेजारी काळी चंद्रकळा आली, तरी पान एका घरचं वाटतं. उलट भोवतीचं दर फोटोत बदलत असेल आणि तुम्ही सगळ्या साड्यांवर एकच तपकिरी छटा ओतलीत, तर पानही फसतं आणि ग्राहकही.

आता उजेड. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त एडिटिंग चुकीचा उजेड निस्तरण्यात जातं.

घरातली पांढरी ट्यूब साधारण 6500 केल्विनची असते, पिवळसर एलईडी बल्ब 2700 ते 3000 केल्विनचा. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. खिडकीतून येणारा सावलीतला उजेड 7000 च्याही वर जाऊ शकतो. आता खिडकी उघडी, वर ट्यूब चालू आणि कोपऱ्यात पिवळा दिवा, असा फोटो काढला की साडीच्या एका निरीवर निळा उजेड आणि दुसरीवर पिवळा. व्हाइट बॅलन्सची पट्टी, म्हणजे फोटो उबदार की थंड हे ठरवणारी, अख्खा फोटो एकाच दिशेला सरकवते. एक निरी सुधारली की दुसरी बिघडते. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात सुरुवातीच्या काळात मी असेच पासष्ट फोटो काढले होते, काउंटरवरचे पिवळे दिवे आणि दारातला दिवसाचा उजेड एकत्र. दोन रात्री जागून ते सुधारले, तरी पांढऱ्या साड्या शेवटपर्यंत पांढऱ्या झाल्या नाहीत. तेव्हापासून फोटो काढायच्या खोलीत शिरले की मी पहिल्यांदा सगळी बटणं बंद करते.

तुम्हीही तेच करा. दिवे बंद, फक्त खिडकी. शक्यतो उत्तरेची. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मात्र दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो (शून्य सावलीचा दिवस आपण याच सुमारास बघतो), आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेकडूनही आत येतं. म्हणून उन्हाळ्यात सकाळी आठऐवजी दहा ते बारा ही वेळ धरा. ऊन तेव्हा छज्जाच्या वर गेलेलं असतं आणि आत फक्त आकाशाचा उजेड पोचतो. तरी कवडसे पडत असतील तर खिडकीला पांढरं धोतर लावा. बाजारातल्या महागड्या डिफ्यूझरचं काम जुनं, धुऊन मऊ झालेलं धोतर उत्तम करतं. खिडकीच्या समोरच्या बाजूला, साडीच्या सावलीकडे, पांढरी कार्डशीट उभी करा. अप्पा बळवंत चौकात मोठ्या आकाराची सहज मिळते. तिच्यामुळे निऱ्यांमधला काळोख उजळतो आणि नंतर सावल्या उचलण्याची वेळ येत नाही.

भिंतीचा रंगही बघा. पीच किंवा पिवळ्या भिंतीवरून परतणारा उजेड साडीवर तोच रंग घेऊन येतो आणि आपल्याला डोळ्यांनी ते कळत नाही, कारण डोळा सवयीने जमवून घेतो. कॅमेरा तेवढं जमवून घेत नाही.

पावसाळ्यात पुण्याचा उजेड फार सुंदर असतो, मऊ आणि सगळीकडे सारखा, पण कमी. फोन शटर हळू करतो आणि हात हलला की पोत पुसला जातो. तेव्हा साधा ट्रायपॉड लावा आणि दोन सेकंदांचा टायमर. दिवा लावायचा मोह टाळा. लावावाच लागला तर खिडकी पूर्ण झाका आणि सगळे दिवे एकाच प्रकारचे ठेवा. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्याने बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. त्यामुळे फोटोवर आडवे पट्टे आले तर प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्याची सेटिंग हाताने ठरवायची सोय) शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा.

फोनमध्ये काय करायचं? मुख्य लेन्स, म्हणजे 1 एक्स, तीच कायम. अल्ट्रावाइड लेन्स काठ ताणते, आणि बऱ्याच फोनमध्ये प्रत्येक लेन्सचा रंगही थोडा वेगळा येतो. पानावरचे अर्धे फोटो एका लेन्सचे आणि अर्धे दुसरीचे असतील तर विस्कळीतपणाचं एक कारण तिथेच सापडेल. ब्यूटी आणि दृश्य ओळखून रंग वाढवणारी सगळी स्वयंचलित सोय बंद करा. साडीवर बोट दाबून धरलंत की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड लॉक होतो. मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. राणी, डाळिंबी, लाल काठ, इरकलीचा तांबडा पदर, यांच्यासाठी हे फारच गरजेचं आहे. फोन एकूण उजेड बघतो. या रंगांत लाल आधीच काठोकाठ असतो, तो बाकीच्यांच्या आधी ओसंडतो. ओसंडला की पदर सपाट होतो, धागा दिसेनासा होतो आणि जेपेग, म्हणजे फोनच्या नेहमीच्या, फोटोत तो धागा नंतर कुठल्याही ॲपने परत आणता येत नाही. इरकलीत तर अंगाचं सूत मंद आणि पदराचं रेशीम चमकतं. दोन्ही एका चौकटीत असतील तर माप पदराचं धरा, सूत नंतर उजळता येतं.

प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्सही आकड्यावर बांधून टाका, आणि त्या दिवसाचं काम संपेपर्यंत बदलू नका. ऑटोवर ठेवलात तर पिवळी साडी समोर आली की फोन फोटो थंड करतो, निळी आली की उबदार करतो, आणि तुमची भिंत प्रत्येक फोटोत वेगळी येते. लाइटरूम या एडिटिंगच्या ॲपच्या कॅमेऱ्यातून डीएनजी, म्हणजे फोटोची कच्ची फाइल काढता येत असेल तर आणखी चांगलं, त्यात रंग सुधारायला जास्त वाव राहतो.

प्रत्येक बैठकीचा पहिला फोटो ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवण्यासाठीचं तटस्थ करडं कार्ड, साडीवर ठेवून काढा. कॅमेऱ्याचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं, फार महाग नसतं. कार्डाऐवजी साधा पांढरा कागद ठेवायचा मोह होतो, पण आजकालच्या कागदात तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून जे रसायन घालतात, त्यामुळे खिडकीच्या उजेडात तो निळसर येतो आणि त्यावरून जुळवलेला फोटो पिवळट होतो.

आता एडिटिंग, ज्यासाठी तुम्ही विचारलंत. त्याआधी फोनची तयारी करून घ्या. नाइट लाइट किंवा डोळ्यांना आराम देणारा पिवळा पडदा बंद. आयफोन असेल तर ट्रू टोन बंद. अँड्रॉइडवर स्क्रीनचा रंग व्हिविडवरून नॅचरलवर. ब्राइटनेस ऑटोवरून काढून मध्यावर. एका दिवाळीच्या आधी मी रात्री अकरानंतर तीस फोटो सुधारून पाठवले आणि नाइट लाइट चालू राहिला होता. पिवळ्या पडद्यावर मला जे बरोबर दिसलं ते सकाळी सगळं निळं निघालं. त्या ताईंनी तोवर निम्मे फोटो टाकलेही होते, आणि मला त्यांची माफी मागून सगळे पुन्हा करून द्यावे लागले.

सुधारणा दिवसा करा, ज्या खिडकीत फोटो काढला तिथेच, साडी मांडीवर घेऊन. हे ऐकायला भाबडं वाटेल. पण साडी समोर असल्याशिवाय रंग जुळवणं म्हणजे आठवणीवर जुळवणं, आणि रंगाची आठवण आपल्याला नेहमी खऱ्यापेक्षा भडक असते.

आधी एकच फोटो पूर्ण करा. मी त्याला मापाचा फोटो म्हणते, शिंप्याकडे मापाचा ब्लाउज देतो तसा. लाइटरूममध्ये ग्रे कार्डच्या फोटोवर व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने कार्डावर टिचकी मारा, आलेला बदल कॉपी करून मापाच्या फोटोवर पेस्ट करा. मग एक्सपोजर, म्हणजे एकूण उजेड. मग हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली, जरीची चमक फुटत असेल तितकीच. सावल्या किंचित वर. इथे थांबून साडीशी ताडून बघा. बहुतेक वेळा काम झालेलं असतं. नसेल आणि फक्त एकच रंग हट्ट करत असेल, तर कलर मिक्समध्ये जाऊन तेवढाच रंग हलवा. राणीसाठी मॅजेंटा आणि लाल दोन्ही बघावे लागतात: सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) पाच-दहाने खाली आणि ल्युमिनन्स (रंगाचा उजळपणा) जरासं खाली केलं की दबलेला धागा थोडा वर येतो. सॅच्युरेशनची मोठी पट्टी, जी सगळ्या रंगांना एकदम वाढवते, ती साडीच्या फोटोत मी वापरतच नाही. व्हायब्रन्स त्यातल्या त्यात समंजस आहे, ती फिक्या रंगांना जास्त वाढवते आणि आधीच भडक असलेल्यांना कमी हात लावते. पण तीही शून्यावर राहिली तर काही बिघडत नाही.

मापाचा फोटो तयार झाला की त्याची सेटिंग कॉपी करून त्याच बैठकीच्या बाकीच्या फोटोंवर पेस्ट करा आणि प्रत्येकात फक्त उजेड जुळवून घ्या. त्याच बैठकीच्या, हे विसरू नका. पुढच्या आठवड्यात ढग आले असतील, तर नवीन ग्रे कार्ड आणि नवीन मापाचा फोटो. तो जुन्या मापाच्या फोटोशेजारी ठेवून भिंत जुळते का बघायची. स्नॅपसीड वापरत असाल तर तिथेही आपला बदल लुक म्हणून साठवून ठेवता येतो. त्यात सिलेक्टिव्ह नावाचं साधन आहे. पदराचा एक कोपराच काळवंडला असेल तर तेवढाच उजळायला ते मला फार आवडतं.

नारायणपेठेच्या बारीक चौकडीवर कधी कधी लाटांसारखे रंगीत पट्टे दिसतात, जे साडीत नसतात. बारीक रेघा आणि फोनच्या सेन्सरवरचे ठिपके एकमेकांत अडखळले की तसं होतं. ते एडिटिंगने नीट जात नाही. पाऊलभर पुढे किंवा मागे होऊन पुन्हा फोटो काढा.

नेसलेल्या साडीचे फोटो बाहेर काढत असाल तर दोन गोष्टी. पहिली, माणसाची त्वचा. बाजारातली बरीच प्रीसेटं गोऱ्या कातडीवर बेतलेली असतात. आपल्या सावळ्या रंगावर ती लावली की चेहरा एकतर नारंगी होतो नाहीतर राखेसारखा. आणि चेहरा उजळवण्याची पट्टी कृपा करून वापरू नका. साडीचा रंग खरा ठेवायचा आणि ती नेसलेल्या बाईचा बदलायचा, हे मला पटत नाही. शिवाय तुमच्या ग्राहक बहुतेक याच रंगाच्या बायका आहेत. आपल्याला ही साडी कशी दिसेल हे त्यांना त्या फोटोतून कळायला हवं.

दुसरी, जागा. टेकडीवरचे फोटो अनेकींना हवे असतात. पण वेताळ टेकडीवरचं गवत सप्टेंबरात हिरवंगार आणि मार्चमध्ये वाळलेल्या पेंढ्याच्या रंगाचं असतं. म्हणजे सहा महिन्यांत तुमची पार्श्वभूमी आपोआप बदलते, आणि पावसाळ्यात गवताचा हिरवा हनुवटीखाली आणि पांढऱ्या साडीवर उतरतो. त्यापेक्षा काळ्या दगडाची भिंत शोधा. पुण्याच्या जुन्या पेठांत, देवळांच्या आवारात, बंगल्यांच्या कुंपणाला हा बेसाल्ट सगळीकडे आहे, त्याचा रंग जवळजवळ तटस्थ करडा असतो. त्याच्यापुढे कुठलाही रंग उठून दिसतो आणि बारा महिने तो फारसा बदलत नाही. ज्यांची जागा आहे त्यांना विचारून घ्या, आणि सकाळी सावलीत काढा.

पानाच्या मांडणीबद्दल थोडक्यात. इन्स्टाग्रामवर सुरुवातीला सगळं चौकोनी होतं. जानेवारी 2025 पासून प्रोफाइलवरच्या चौकटी उभ्या झाल्या, 3:4 मापाच्या. तुम्ही 4:5 मध्ये, म्हणजे 1080 बाय 1350 मध्ये फोटो टाकत असाल तर पानावर दोन्ही बाजूंनी साधारण तीन-तीन टक्के कापलं जातं. जुने चौरस फोटो दोन्ही बाजूंना आठवा-आठवा भाग गमावतात. म्हणून काठ आणि किमतीची अक्षरं कडेला चिकटवू नका. बुद्धिबळाच्या पटासारखी एक आड एक रंगांची रचना करायला जाऊ नका, एक फोटो मागेपुढे झाला की ती मोडते. त्याऐवजी अंतराचा ताल ठेवा: एक घडीचा, एक पदराचा जवळून, एक नेसलेला. नवीन नऊ फोटो टाकायच्या आधी त्यांचं कोलाज करून त्याचं सॅच्युरेशन पूर्ण शून्यावर आणा. काळ्यापांढऱ्यात सगळ्या भिंती सारख्याच करड्या दिसल्या तर पान जमलं. एखादी चौकट भोक पडल्यासारखी काळी किंवा पांढरी दिसली, तर तिचा उजेड चुकलाय.

भावाला किंवा मुलीला फोटो पाठवून टाकून घेत असाल तर व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि मूळ फोटो पुसू नका.

जुने फोटो काढून टाकायचीही गरज नाही. नव्या पद्धतीचे तीन चांगले फोटो वर पिन करा, बाकीचे आपोआप खाली जातील. प्रत्येक साडीखाली रंग शब्दांतही लिहा, आपल्या भाषेत त्यासाठी काय कमी शब्द आहेत? राणी, जरा गुलबक्षीकडे झुकणारी. रामा, निळ्यापेक्षा हिरवा जास्त. समोरच्या बाईंचा फोन रंग कसाही दाखवो, हे शब्द बदलत नाहीत. खणासारख्या, आडवे-उभे धागे वेगळ्या रंगांचे असलेल्या कापडाचा रंग कोनाप्रमाणे बदलतो, तिथे दारात उभं राहून काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओही जोडा.

ती परत आलेली राणी साडी अजून घरात असेल, तर सुरुवात तिच्यापासूनच करा. उद्या दहा वाजता दिवे बंद, खिडकीला धोतर, साडीवर ग्रे कार्ड. फोटो तयार झाला की आधी त्याच बाईंना पाठवा, आणि आता रंग कसा दिसतो ते विचारा.